दुसऱ्या खरेदीदाराला काय मिळणार, ते बॉक्सवर छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या मोबाइल दुकानांपर्यंत जुन्या व्हिडिओ गेमच्या डिस्कची देवघेव वाढते. दुकानात विचारले जाणारे प्रश्न ठरलेले: डिस्क चालते ना, आणि कितीला देणार? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि पैसे तिथेच बुडतात. पहिल्या मालकाला या बॉक्सबरोबर जे जे मिळाले होते, त्यातले मला काय मिळणार?

हा प्रश्न का पडावा, हे एका गेमवरून समजेल. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘बॅटमॅन: अर्खम सिटी’ आला. त्यात कॅटवुमन म्हणून खेळायचे काही भाग आहेत. ते उघडण्यासाठी नव्या बॉक्समध्ये एकदाच चालणारा कोड कागदावर छापून दिला होता. पहिल्या मालकाने तो आपल्या खात्यावर टाकला की कागद निरुपयोगी झाला. पुढे तीच डिस्क ज्याने विकत घेतली, त्याच्याकडे गेम सुरू होतो, गोष्ट पुढे सरकते, कुठेही अडत नाही. फक्त कॅटवुमनचे भाग येत नाहीत. काही राहून गेले आहे, हे त्याला कळतही नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुने पाठ्यपुस्तक घेतले आणि त्यातले तीन धडे पहिल्या विद्यार्थ्याबरोबर निघून गेले, असे कधी होत नाही. गेममध्ये मात्र ही रीत पंधरा वर्षे चालू आहे, आणि आपल्याकडे तिची चर्चा जवळजवळ होतच नाही.

कुलूप डिस्कवर न लावता कागदावर का लावतात, त्याला साधे तांत्रिक कारण आहे. एका गेमच्या सगळ्या डिस्क कारखान्यात एकाच साच्यावरून दाबून काढतात. त्यावरचा मजकूर तंतोतंत सारखा असतो, त्यामुळे ही डिस्क पहिल्याची की तिसऱ्याची, हे कन्सोलला, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राला, ओळखता येत नाही. म्हणून वेगळेपण आणायचे ते कोडने. सोनीच्या प्लेस्टेशनचा कोड १२ अक्षरांचा, निन्टेन्डोचा १६ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा २५ अक्षरांचा असतो. कोड टाकला की कंपनीच्या सर्व्हरवरच्या वहीत तो त्या खात्याच्या नावे चढतो. डिस्क हातोहात फिरते, वहीतली नोंद फिरत नाही. विक्रेत्याने कितीही प्रामाणिकपणे ‘सगळे दिले आहे’ म्हटले, तरी ही नोंद त्याला दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही.

या प्रकाराची सुरुवात २००९-१० मध्ये झाली. नोव्हेंबर २००९ च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये एक अख्खा भाग सहकारी पात्रासह कोडमागे ठेवलेला होता, जुनी प्रत घेणाऱ्याला तो हवा असेल तर १५ डॉलर वेगळे. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने आपल्या फुटबॉलसारख्या खेळांच्या गेमना ‘ऑनलाइन पास’ लावला. नव्या बॉक्समध्ये कोड फुकट, जुन्या डिस्कवाल्याला १० डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेचारशे रुपये. टीएचक्यूने कुस्ती-मुष्टियुद्धाच्या ‘यूएफसी’ गेमला ५ डॉलरचा पास लावला. सोनी आणि युबीसॉफ्ट या कंपन्या मागोमाग आल्या. सुरुवातीला हे पास इंटरनेटवर इतरांशी खेळण्यापुरतेच होते. मग फेब्रुवारी २०१२ च्या ‘किंग्डम्स ऑफ अमालूर: रेकनिंग’मध्ये एकट्याने खेळायच्या सात मोहिमाच कोडमागे गेल्या.

कंपन्यांचे म्हणणे असे की जुन्या डिस्कच्या व्यवहारात आम्हाला एक पैसा मिळत नाही आणि सर्व्हर मात्र आम्हीच चालवायचा. सर्व्हरला खर्च येतो, हे खरेच. पण एका डिस्कवर एका वेळी एकच घर खेळते. पहिल्याने डिस्क विकली म्हणजे त्याची जागा रिकामी झाली आणि तिथे दुसरा बसला; सर्व्हरवर माणूस एकचा एकच राहिला. त्या जागेचे पैसे पहिल्या विक्रीत आलेले आहेत. एकट्याने खेळायच्या मोहिमेला तर सर्व्हरच लागत नाही. तिथे खर्चाचे कारण पुढे करणे आम्हाला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या अडवणुकीची झळ दुसऱ्या खरेदीदारालाच बसते असा समज आहे, तो चुकीचा आहे. नवा गेम ४,९९९ रुपयांना घेतला आणि तीन महिन्यांनी ३,००० ला विकला, असे धरू. पहिल्या मालकाला तो १,९९९ ला पडला. आता त्यातला एक भाग ७०० रुपये भरल्याशिवाय उघडत नसेल, तर जाणता गिऱ्हाईक ते ७०० कापून २,३०० च देणार. म्हणजे पास विकत घेतो दुसरा, पण त्याची किंमत पहिल्याच्या खिशातून जाते. नवी डिस्क घेताना हे त्याला कुठेच सांगितलेले नसते. म्हणून हा प्रश्न फक्त काटकसर करणाऱ्यांचा नाही. सील पॅक गेम घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

ग्राहकांनी आवाज उठवला तेव्हा हे बदलले, हेही नोंदवायला हवे. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचे नियम आले: कन्सोलने दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची, डिस्कवरचा गेम मित्राला द्यायचा तर तो किमान ३० दिवस तुमच्या मित्रयादीत हवा, आणि असे देणे एकदाच. त्यावर इतका संताप उसळला की १९ जून २०१३ ला कंपनीने हे सगळे मागे घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ऑनलाइन पास बंद केला. नोव्हेंबरात युबीसॉफ्टनेही ‘असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग’मधला पास काढून टाकला, कारण त्यात जहाजांच्या ताफ्याचा, एकट्याने खेळायचा भाग अडकला होता.

पास गेले, पण अडवणूक गेली नाही. ती आता डिस्कच्याच आत आली आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ २०२२ मध्ये आला, तेव्हा प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर जेमतेम ७० एमबी मजकूर निघाला, बाकी सगळा गेम डाउनलोड करायचा. निन्टेन्डोचा ‘स्विच २’ हा कन्सोल जून २०२५ मध्ये आला, त्याबरोबर ‘गेम-की कार्ड’ आले. या कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. पहिल्या वेळी इंटरनेट जोडून गेम उतरवावा लागतो आणि त्यानंतर खेळताना दर वेळी कार्ड आत असावे लागते. एवढे मात्र मान्य करायला हवे की हे कार्ड विकता येते, दुसऱ्याकडेही चालते आणि बॉक्सच्या पुढच्या बाजूला खाली तसे स्पष्ट छापलेले असते. धोका पुढचा आहे. ज्या दिवशी डाउनलोडचा सर्व्हर बंद होईल, त्या दिवसानंतर ते कार्ड नव्याने घेणाऱ्यासाठी प्लास्टिकचा तुकडा उरेल. एक्सबॉक्स ३६० या जुन्या कन्सोलचे ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झाले. ज्या जुन्या गेमचे राहिलेले भाग त्या दुकानातून विकत घ्यायची सोय होती, ती त्या कन्सोलवर पैसे द्यायची तयारी असूनही संपली. युबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ या मोटारींच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि एकट्याने खेळणाऱ्यांच्याही डिस्क चालेनाशा झाल्या. त्यावरूनच युरोपात गेम जिवंत ठेवण्याच्या मागणीसाठी सह्यांची मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैत तिने दहा लाख सह्यांचा आकडा ओलांडला.

बिनडिस्कच्या कन्सोलचा मुद्दा तर उघडच आहे. एक्सबॉक्स सिरीज एस आणि प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती यांच्यात डिस्क घालायची खाचच नाही. भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिजिटल आवृत्ती ३९,९९० ला होती आणि डिस्कवाली ४९,९९० ला. दहा हजार वाचले म्हणून अनेकांनी पहिली घेतली. वर्षाला चार-पाच जुने गेम घेणाऱ्या, विकणाऱ्या घरात ते दहा हजार दोन वर्षांत वसूल झाले असते. घरात प्लेस्टेशन ४ च्या डिस्क असतील तर त्याही डिजिटल कन्सोलवर चालत नाहीत, त्या गेमची प्लेस्टेशन ५ ची आवृत्ती मोफत मिळण्याची (अपग्रेडची) सोयही मिळत नाही. अलीकडच्या मॉडेलला डिस्क ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो. पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता वाचकांनी दुकानात उभे असताना काय पाहावे, ते सांगतो. आधी बॉक्सची पुढची बाजू खालून आणि मग मागची बाजू वाचावी. ‘इंटरनेट आवश्यक’, ‘डाउनलोड आवश्यक’, ‘एकदाच वापरायचा कोड’ या अर्थाचा इंग्रजी मजकूर बारीक टायपात तिथेच असतो. ‘कम्प्लीट’ किंवा ‘गेम ऑफ द इयर’, म्हणजे जादा भागांसह विकलेली, आवृत्ती असेल तर जास्तच सावध राहावे. काही प्रकाशक जादा भाग डिस्कवरच देतात, काही साधी डिस्क आणि सोबत कोडचा कागद. दुसऱ्या प्रकारात जुनी प्रत म्हणजे साधा गेमच. तिचे ‘कम्प्लीट’चे पैसे मोजू नयेत. बॉक्स उघडून कागद आहे का पाहावे. कागद असला तरी कोड वापरलेला आहे असेच धरून भाव करावा. कोडवर अनेकदा शेवटची तारीखही छापलेली असते आणि ती बहुतेक उलटून गेलेली असते.

मग बॉक्सच्या कण्यावरचा आणि डिस्कवरचा क्रमांक पाहावा. प्लेस्टेशन ४ च्या गेमचा क्रमांक ‘सीयूएसए’ने आणि ५ चा ‘पीपीएसए’ने सुरू होतो. या कन्सोलवर कुठल्याही देशाची डिस्क चालते, म्हणून आखातातून किंवा अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या डिस्क इथे बिनदिक्कत विकल्या जातात. अडचण पुढे येते. जादा भाग ज्या देशाच्या ऑनलाइन दुकानातून घ्याल, त्याचा प्रदेश डिस्कच्या प्रदेशाशी जुळावा लागतो. अमेरिकी डिस्क आणि भारतीय खाते असेल तर पैसे जातात, भाग डाउनलोडही होतो, पण गेम त्याला ओळखत नाही. परतावा मिळवताना दमछाक होते ती वेगळीच. त्यामुळे ज्या गेमचे जादा भाग घ्यायचे आहेत, त्याची डिस्क आपल्या खात्याच्या प्रदेशाचीच घ्यावी.

डिस्कवर खरोखर गेम आहे का, हे तपासायची खात्रीची पद्धत एकच. कन्सोलचे इंटरनेट बंद करा, त्या गेमची आधीची प्रत असेल तर पुसा, डिस्क घाला, कॉपी पूर्ण होऊ द्या आणि मग सुरू करून पाहा. मुख्य गोष्ट सुरू झाली तर डिस्क बहुधा पुरती आहे. ‘डाउनलोड करा’ असा फलक आला तर तुम्ही किल्ली विकत घेत आहात, गेम नव्हे. मोठ्या गेमला यात अर्धा-पाऊण तास जातो, त्यामुळे दुकानदार कुरकुरतो. तरी महागड्या डिस्कसाठी हा आग्रह धरावा किंवा दोन दिवसांत परत घेण्याची हमी बिलावर लिहून घ्यावी.

ओरखड्यांबद्दलही सांगायला हवे, कारण इथे दुकानदारही चुकतात. प्लेस्टेशन २ ची डिस्क बहुतेक वेळा आणि एक्सबॉक्स ३६० ची नेहमी डीव्हीडी असते. तिचा मजकूर पृष्ठभागापासून सुमारे ०.६ मिलिमीटर खोल असतो, म्हणून वरचा थर घासून, पॉलिश करून ती वाचवता येते. प्लेस्टेशन ३, ४ आणि ५ च्या डिस्क ब्लू-रे आहेत. त्यांचा मजकूर अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो आणि वर कडक लेप असतो. तो लेप पॉलिशच्या यंत्राने निघतो आणि डिस्क कायमची जाते. ‘घासून देतो, नवीन होईल’ असे ब्लू-रेबाबत कोणी म्हटले तर डिस्क त्याच्या हातात देऊ नये.

जुना कन्सोलच घेत असाल तर विक्रेत्याचे खाते तुमच्यासमोर निघाले पाहिजे. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्जमध्ये ‘यूझर्स अँड अकाउंट्स’खाली ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ बंद करायचे आणि मग सगळा कन्सोल रिसेट करायचा. प्लेस्टेशन ४ वर ‘प्रायमरी’ म्हणून केलेली नोंदणी काढून ‘इनिशियलायझेशन’ करायचे. ‘आत वीस गेम भरून देतो’ असे आमिष असेल, तर ते गेम विक्रेत्याच्या खात्याचे असतात. त्याने परवाना काढून घेतला किंवा कन्सोल रिसेट झाला की ते वीसही गेले. समाजमाध्यमांवर ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’ खाती स्वस्तात विकली जातात, त्यांचेही तेच. खाते विकणे कंपनीच्या अटींविरुद्ध आहे आणि मूळ मालक पासवर्ड बदलून ते कधीही परत घेऊ शकतो. तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

कायद्याची बाजू थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामच्या प्रती विकण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडे ठेवला होता, ‘ती प्रत पूर्वी विकली गेली असली तरीही’ अशा अर्थाच्या शब्दांसह. १९९९ च्या दुरुस्तीत हे शब्द गेले, त्यामुळे विकलेली प्रत पुन्हा विकण्याच्या आड येणारा हा मजकूर उरला नाही. व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क मात्र मालकाकडेच आहे, हे डिस्क भाड्याने देणाऱ्या दुकानांनी ध्यानात घ्यावे. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २००२ ला जुन्या गेमची विक्री वैध ठरवली. पण हे सगळे हातातल्या प्रतीबद्दल. डाउनलोड केलेल्या गेमबाबत चित्र वेगळे आहे. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्टीम या संगणकाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातले गेम पुन्हा विकता यावेत असा निकाल दिला होता, तो २०२२ मध्ये अपिलात उलटला. म्हणजे न्यायालयाच्या भरवशावर बसण्यापेक्षा आधी खरी माहिती मिळवून घेणे जास्त हातात आहे.

आणि माहिती मिळवून घेता येते, याचा दाखला आहे. अमेरिकेत जुन्या गेमची सर्वांत मोठी साखळी असलेल्या गेमस्टॉपवर २०१० मध्ये कॅलिफोर्नियात खटला झाला. बॉक्सवर ‘मोफत जादा भाग’ छापलेले आणि जुन्या प्रतीत ते मिळत नाहीत, ही तक्रार. २०१२ मध्ये तडजोड झाली. गिऱ्हाइकांना थोडी भरपाई मिळाली, पण महत्त्वाची अट दुसरीच होती: जुन्या गेमबरोबर जादा भाग मिळतीलच असे नाही, वेगळे पैसे पडू शकतात, अशी पाटी तिथल्या दुकानांत लावायची. त्याच राज्याच्या नव्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल गेम ‘विकत घ्या’ म्हणून दाखवायचा असेल, तर तुम्हाला मिळतो तो फक्त परवाना, हे तिथेच स्पष्ट सांगावे लागते.

आपल्याकडे याहून सोपा मार्ग आहे. परदेशातून आलेल्या प्रत्येक गेमच्या बॉक्सवर वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे आयातदाराचे नाव, पत्ता आणि एमआरपी असलेले लेबल इथेच चिकटवले जाते. त्याच लेबलवर आणखी तीन ओळी छापायच्या आहेत: डिस्कवर किती जीबी गेम आहे, खेळायला इंटरनेट एकदाच लागते, नेहमी लागते की लागतच नाही, आणि कोणता भाग फक्त पहिल्या खात्यालाच मिळेल. लेबल तसेही छापायचेच असते, त्यामुळे जादा खर्च नगण्य. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार आहे. ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन रचनांविरुद्ध त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये तो वापरलाही आहे. गेमच्या बॉक्ससाठीही तो वापरावा, अशी आमची मागणी आहे.

तोवर जुन्या मालाच्या दुकानदारांनी आपण होऊन प्रत्येक बॉक्सवर ‘कोड वापरलेला’, ‘डाउनलोड लागेल’ किंवा ‘पूर्ण गेम डिस्कवर’ यांपैकी एक चिठ्ठी लावावी. वापरलेला कोड चालू असल्याचे सांगून माल विकला गेला असेल, तर ग्राहकांनी बिल, बॉक्सचा फोटो आणि पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. बिल नसेल तर निदान पैसे यूपीआयने द्यावेत, म्हणजे तारीख आणि रक्कम यांचा पुरावा राहतो.

आपले,
जुन्या गेमची देवघेव आणि दुरुस्ती करणारे काही वाचक, पुणे